न्यायालयातील अंक : ड्रेफस प्रकरणापासून डी.एन.ए. चाचणीपर्यंत

न्यायालयासमोर उभ्या राहणाऱ्या तज्ज्ञाला ज्या प्रश्नाचे उत्तर देता येते तो एक असतो, आणि न्यायाधीशाला किंवा ज्यूरीला ज्याचा निर्णय करावयाचा असतो तो प्रश्न दुसराच असतो. आरोपी निर्दोष असेल, तर त्याच्या रक्ताचे गुणधर्म गुन्ह्याच्या स्थळी सापडलेल्या रक्ताशी जुळण्याची संभाव्यता किती, हा पहिला प्रश्न. रक्ताचे गुणधर्म जुळले असतील, तर आरोपी निर्दोष असण्याची संभाव्यता किती, हा दुसरा. दोन्ही वाक्यांतील शब्द जवळजवळ तेच आहेत. 'असेल तर' कोणत्या बाजूला बसवावयाचे एवढाच फरक. भारतीय न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला या फरकाचे नवल वाटण्याचे कारण नाही. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती खरी. परंतु जेथे अग्नी तेथे धूर ही खरी नव्हे, आणि तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हे तिचे ठरलेले प्रत्युदाहरण होय. व्याप्ती जेव्हा शब्दांऐवजी अंकांचा वेष धारण करून येते तेव्हा मात्र ती उलटी वाचण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. ही चूक कशी टाळावी हे तीन गणितज्ञांनी १९०४ साली पॅरिसमध्ये लिहून ठेवले होते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाला तीच चूक ओळखून एका आरोपीची शिक्षा रद्द करण्यास १९९३ साल उजाडावे लागले. मधल्या नव्वद वर्षांत ज्ञान वाढले, प्रयोगशाळा वाढल्या, अंकांचा आकारही वाढला. प्रश्नांची अदलाबदल मात्र चालूच राहिली.

संभाव्यतेच्या गणिताने न्यायालयाचे दार ठोठावणे ही विसाव्या शतकातील गोष्ट नव्हे. निकोलस बेर्नुली याने १७०९ सालीच कायद्यातील अनुमानशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. काँदोर्से, लाप्लास आणि प्वासाँ यांनी साक्षीदारांची विश्वसनीयता व ज्यूरीच्या निर्णयांतील चुकीचा संभव यांची समीकरणे मांडली. प्वासाँचा या विषयावरील ग्रंथ १८३७ सालचा. जॉन स्टुअर्ट मिल याने या सर्व उद्योगास गणिताला लागलेला कलंक मानले. मिलचा राग अनाठायी नव्हता, कारण या समीकरणांत साक्षीदाराचा खरेपणा हा नाणेफेकीसारखा स्थिर अंक मानला जाई. तथापि हे सारे ग्रंथालयातील वाद होते. त्या गणितामुळे कोणाला शिक्षा झाली नव्हती.

ती वेळ ड्रेफस प्रकरणात आली. फ्रेंच सैन्यातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस याला डिसेंबर १८९४ मध्ये देशद्रोहाबद्दल दोषी ठरविण्यात आले. मुख्य पुरावा एकच : जर्मन लष्करी प्रतिनिधीच्या कचऱ्याच्या टोपलीतून मिळविलेली, 'बोर्दरो' या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेली एक यादीवजा चिठ्ठी. हस्ताक्षर ड्रेफसचे आहे काय, हे पाहण्यास पॅरिस पोलिसांच्या ओळखपटविभागाचा प्रमुख आल्फोन्स बेर्तियाँ याला बोलाविण्यात आले. शरीराची मापे घेऊन सराईत गुन्हेगार ओळखण्याच्या पद्धतीचा जनक म्हणून बेर्तियाँचे नाव त्या काळी युरोपभर आदराने घेतले जात होते. हस्ताक्षराच्या शास्त्रात मात्र त्याला विशेष गती नव्हती. चिठ्ठीतील अक्षर ड्रेफसच्या अक्षराशी काही ठिकाणी जुळत होते, काही ठिकाणी जुळत नव्हते. बेर्तियाँने यातून असा सिद्धांत काढला की, ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली असून, पुढे मागे पकडले गेल्यास 'कोणी तरी माझ्या अक्षराची नक्कल केली' असे म्हणता यावे यासाठी फरक मुद्दाम ठेवले आहेत. जुळले तरी दोषी आणि न जुळले तरी दोषी, असा हा दुहेरी फास होता.

या सिद्धांताला बेर्तियाँने अंकांचा आधार दिला. चिठ्ठीत पुन्हा पुन्हा आलेले तेरा अनेकाक्षरी शब्द त्याने निवडले. त्यांच्या आरंभांची व अंतांची मिळून सव्वीस स्थाने त्याने एका कल्पित जाळीवर ताडून पाहिली आणि त्यांपैकी चार स्थाने जाळीशी जुळतात असे दाखविले. एक स्थान योगायोगाने जुळण्याची संभाव्यता एकपंचमांश धरून त्याने तिचा चार वेळा गुणाकार केला. उत्तर आले ०.००१६. एवढा दुर्मिळ योगायोग घडणे अशक्यप्राय, तस्मात् चिठ्ठी कृत्रिम, तस्मात् ड्रेफस दोषी.

१८९९ साली रेन येथे ड्रेफसवर दुसऱ्यांदा लष्करी खटला चालला तेव्हा आंरी प्वांकारे याचे पत्र गणितज्ञ पॉल पेनलव्हे याने न्यायालयात वाचून दाखविले. ०.००१६ ही चारपैकी चारही स्थाने जुळण्याची संभाव्यता आहे. बेर्तियाँने तर चार स्थाने अनेक स्थानांतून वेचून काढली होती, आणि त्या घटनेची संभाव्यता शेकडो पटींनी मोठी निघते, हे प्वांकारेने त्यात दाखविले. साधा हिशोबही तेच सांगतो. सव्वीस स्थाने आणि प्रत्येकी एकपंचमांश संभव, म्हणजे निव्वळ योगायोगाने पाचएक स्थाने जुळावयास हवीत. चार जुळली यात आश्चर्य ते कसले? न्यायासनावर बसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांवर या युक्तिवादाचा परिणाम झाला नाही. ड्रेफस पुन्हा दोषी ठरला आणि राष्ट्राध्यक्षांच्या माफीने सुटला. त्यावरील कलंक तसाच राहिला.

पुढे प्रकरण फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयात पुन्हा उघडले गेले, आणि बेर्तियाँच्या पद्धतीची परीक्षा करण्याचे काम गास्ताँ दार्बू, पॉल आपेल आणि प्वांकारे या तिघांकडे आले. त्यांचा १९०४ चा अहवाल बेर्तियाँच्या मोजमापांतील चुकांनी भरलेला आहे. परंतु त्याचे खरे महत्त्व एका वेगळ्याच परिच्छेदात आहे. चिठ्ठी बनावट असण्याची, पुरावा पाहण्यापूर्वीची, संभाव्यता काय होती हे जाणण्याचा कोणताही मार्ग गणितज्ञापाशी नाही. म्हणून पुराव्यावरून अमुक गोष्ट इतकी संभवनीय आहे असे विधान त्याला करता येत नाही. त्याला एवढेच म्हणता येईल की, हा योगायोग दिसल्यामुळे दोन पक्षांमधील पूर्वीचे प्रमाण इतक्या पटींनी वाढले. त्या अहवालातील या प्रतिपादनाचा आशय आजचा कोणताही न्यायसाहाय्यक संख्याशास्त्रज्ञ जसाच्या तसा स्वीकारील. किती पट, हे तज्ज्ञाने सांगावे. कशाच्या पट, हे न्यायालयाने ठरवावे. १२ जुलै १९०६ रोजी ड्रेफस निर्दोष ठरला. ती चिठ्ठी एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याने लिहिलेली होती. खटला इतिहासात गेला आणि अहवालातील तो परिच्छेद त्याच्याबरोबर विस्मृतीत गेला.

तो विस्मृतीत गेला होता याचा पुरावा कॅलिफोर्नियाने दिला. १८ जून १९६४ रोजी लॉस एंजल्सच्या सान पेद्रो भागात एका वृद्ध स्त्रीची पैशांची पिशवी हिसकावून घेतली गेली. केसांची शेपटी बांधलेली एक सोनेरी केसांची गोरी तरुणी पळाली, आणि दाढीमिशा असलेला एक कृष्णवर्णीय पुरुष चालवीत असलेल्या पिवळ्या मोटारीत बसून नाहीशी झाली. वर्णनाशी जुळणारे एक दांपत्य पकडले गेले. ओळख पटविणारी साक्ष दुबळी होती. म्हणून सरकारी वकिलाने गणिताच्या एका अध्यापकाला साक्षीला बोलाविले आणि स्वतःच काही अंक सुचविले : पिवळी मोटार दहांत एक, मिशांचा पुरुष चारांत एक, केसांची शेपटी दहांत एक, सोनेरी केस तिनांत एक, दाढीचा कृष्णवर्णीय दहांत एक, मोटारीत भिन्नवर्णीय जोडपे हजारांत एक. गुणाकार एक कोटी वीस लक्षांत एक. दांपत्य दोषी ठरले.

१९६८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. अंकांना कोणताही आधार नव्हता, हा पहिला आक्षेप. दाढी ठेवणारा बहुधा मिशाही ठेवतो, तेव्हा परस्परावलंबी गुणांचा गुणाकार करता येत नाही, हा दुसरा. परंतु न्यायालय तेथे थांबले नाही. अंक बिनचूक मानले तरी त्यातून काय निष्पन्न होते, असा प्रश्न त्याने विचारला आणि निकालपत्राच्या परिशिष्टात त्याचे गणित दिले. जेथून अपराधी आले असावेत त्या प्रदेशात एक कोटी वीस लक्ष जोडपी आहेत असे धरले, तर वर्णनाशी जुळणारे एक जोडपे आहे हे ठाऊक असताना दुसरेही असण्याची संभाव्यता ४१ टक्क्यांच्या घरात जाते. ज्या अंकामुळे ज्यूरीला अपराध निःसंशय वाटला त्याच अंकातून एवढा मोठा संशय निघतो, ही गोष्ट सर्वसामान्य माणसाला चमत्कारिक वाटेल. पण तीत चमत्कार नाही. दुर्मिळ म्हणजे एकमेव नव्हे.

या निर्णयानंतर अमेरिकेतील विधिज्ञांत मोठा वाद झाला. फिंकेलस्टाइन व फेअरली यांनी १९७० साली बेझच्या सूत्राचा न्यायालयात उपयोग करावा असे सुचविले. लॉरेन्स ट्राइब याने १९७१ साली त्याला कडाडून विरोध केला. ट्राइबचे म्हणणे असे की, जे मोजता येते ते न मोजता येणाऱ्या पुराव्याला झाकून टाकते. हा वाद तात्त्विकच राहिला असता; तथापि १९८४ साली असे एक साधन हाती आले की ज्याचा पुरावा अंकांवाचून बोलूच शकत नव्हता.

१० सप्टेंबर १९८४ रोजी लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज याला क्ष-किरणाच्या फिल्मवर डी.एन.ए.च्या काही खंडांचे पट्टे दिसले. पुनरावृत्त रचनेचे हे खंड माणसामाणसांत लांबीने भिन्न असतात, आणि अपत्यात ते निम्मे आईकडून, निम्मे बापाकडून येतात, हे त्याच्या ध्यानात आले. लेस्टरजवळच्या खेड्यांत १९८३ व १९८६ साली दोन पंधरा वर्षांच्या मुलींचे खून झाले होते. एका सतरा वर्षांच्या तरुणाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली होती. जेफ्रीजच्या चाचणीने दाखविले की, दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे, आणि तो पुरुष हा तरुण नव्हे. पोलिसांनी आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे रक्त तपासावयास घेतले. खऱ्या अपराध्याने स्वतःऐवजी दुसऱ्यालाच रक्त द्यावयास पाठविले होते. ही गोष्ट बोलण्याच्या ओघात बाहेर फुटली आणि कॉलिन पिचफर्क याला जानेवारी १९८८ मध्ये जन्मठेप झाली. या प्रसिद्ध प्रकरणातील एक बारकावा सहसा नजरेतून निसटतो. डी.एन.ए. चाचणीचा पहिला फौजदारी उपयोग निर्दोष व्यक्तीला सोडविण्यासाठी झाला, आणि त्यासाठी संभाव्यतेची मुळीच गरज पडली नाही. पट्टे जुळले नाहीत, की प्रश्न मिटला. ते जुळले, की मग मात्र 'आणखी किती जणांशी जुळले असते?' हा प्रश्न उभा राहतो, आणि येथून गणित सुरू होते.

ते गणित वरवर पाहता सोपे आहे. एका स्थानावरील दोन रूपे लोकसंख्येत दहांत एक व विसांत एक या प्रमाणात असतील, तर ती दोन्ही एकाच व्यक्तीत असण्याचे प्रमाण शंभरांत एक येते. अशी चार स्थाने घेऊन गुणाकार केला, की दहा कोटींत एक. सान पेद्रोच्या सरकारी वकिलाने केलेला गुणाकार आणि हा गुणाकार यांत तत्त्वतः भेद नाही. भेद आहे तो अंकांच्या आधारात व स्थानांच्या परस्पर-स्वातंत्र्यात. रूपांची वारंवारता नमुने मोजून काढलेली असते, आणि विवाह जर यादृच्छिक होत असतील तर स्थाने स्वतंत्र मानता येतात. यातील 'जर' किती मोठा आहे, यावरून १९९० च्या सुमारास अमेरिकेत मोठे रण माजले. न्यूयॉर्कच्या कास्ट्रो खटल्यात १९८९ साली खुद्द प्रयोगशाळेच्या पट्टे जुळविण्याच्या पद्धतीवर इतके गंभीर आक्षेप आले की, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी वकिलांना बाजूला ठेवून एकत्र बैठक घेतली व पुरावा अपुरा असल्याचे संयुक्त निवेदन काढले. डिसेंबर १९९१ मध्ये रिचर्ड लेवाँटिन व डॅनियल हार्टल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात असा आक्षेप घेतला की, 'गोरे', 'कृष्णवर्णीय' ही वर्गवारी ढोबळ आहे. तिच्या पोटात आपापसांतच विवाह करणारे गट आहेत, आणि गटागटांत वारंवारता भिन्न असल्यास गुणाकाराने आलेला अंक फसवा ठरतो. त्याच अंकात त्यांना उत्तर देणाऱ्या दोघांपैकी एक रणजित चक्रवर्ती हे कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेत तयार झालेले होते. भेद आहेत, पण व्यवहारात त्यांचा परिणाम क्षुल्लक आहे, असा त्यांचा व केनेथ किड यांचा पक्ष होता.

हा आक्षेप महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित वाटू नये. इरावती कर्वे आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९६८ साली महाराष्ट्रातील, समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली होती. एकच प्रदेश, एकच भाषा, एकच वर्ण. तरीही या गटांना एकजिनसी मानता येत नाही, असेच ते संशोधन दाखविते. ज्या देशात विवाह जातीच्या व पोटजातीच्या कुंपणात होतात तेथे लेवाँटिनचा प्रश्न अमेरिकेहून अधिक जवळचा ठरतो. त्याचे उत्तर शेवटी कोणा एका पक्षाचा विजय होऊन मिळाले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने १९९२ साली सावधगिरीचा म्हणून एक कृत्रिम कमाल मर्यादेचा नियम सुचविला. १९९६ च्या दुसऱ्या अहवालात तो सोडून दिला आणि गटांतर्गत नात्याची दुरुस्ती सूत्रातच घालण्याचा मार्ग स्वीकारला. या दुरुस्तीमागील कल्पना डेव्हिड बाल्डिंग व रिचर्ड निकल्स यांनी १९९४ साली स्पष्ट केली होती. एखादे रूप आरोपीच्या गटात एकदा आढळले आहे, हीच गोष्ट ते त्या गटात पुन्हा आढळण्याची संभाव्यता वाढविते. दुरुस्तीने दहा कोटींत एक हा अंक दोन कोटींत एक होईल, क्वचित त्याहून खाली येईल. अंक तरीही प्रचंडच राहतो.

आणि येथेच खरी मेख आहे. अंक किती मोठा, यावर वैज्ञानिकांनी पाच वर्षे वाद घातला. अंक कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, याकडे त्या मानाने थोड्यांनी लक्ष दिले. विल्यम थॉम्प्सन व एडवर्ड शूमन यांनी १९८७ सालीच या चुकीला 'सरकारी वकिलाचा तर्कदोष' असे नाव देऊन ठेवले होते. तिच्या जोडीला त्यांनी 'बचाव-वकिलाचा तर्कदोष'ही दाखविला, हे त्यांच्या निःपक्षपातीपणाचे द्योतक होय. गुणधर्म जुळणारी आणखी दहा माणसे शहरात आहेत, म्हणून पुराव्याला काहीच किंमत नाही, असे म्हणणे तितकेच चूक. शहरातील लाखो लोकांतून अकरा माणसे उरली, ही मोठीच प्रगती आहे.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे चाललेल्या डीन खटल्यात हा तर्कदोष उघड्यावर आला. गुन्ह्यातील नमुन्याचे गुणधर्म आरोपीशी जुळले होते व तसे ते जुळण्याचे प्रमाण तीस लक्षांत एक सांगितले गेले. वकिलाने प्रश्न वळविला : हा पुरुष डीनवाचून दुसरा कोणी असण्याची शक्यता किती? तज्ज्ञाने उत्तर दिले, तीस लक्षांत एक. उत्तरादाखल दिलेला अंक खरा होता. तो त्या प्रश्नाचे उत्तर नव्हता. देशात संशयास पात्र असे दोन कोटी पुरुष आहेत असे मानले, तर त्याच प्रमाणाने आणखी सहासात पुरुषांचे गुणधर्म जुळावेत, आणि इतर पुरावा शून्य असता आरोपी दोषी असण्याची संभाव्यता सातआठांत एक एवढीच उरते. डिसेंबर १९९३ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला.

आता असा प्रश्न येतो की, तज्ज्ञाने केवळ 'किती पट' एवढेच सांगावयाचे असेल, तर ज्यूरीने त्या पटीचे करावयाचे काय? ॲडम्स खटल्यात याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. हर्टफर्डशरमधील हेमेल हेम्पस्टेड या गावी १९९१ साली एका स्त्रीवर बलात्कार झाला. दोन वर्षांनी ॲडम्स नावाच्या इसमाचा डी.एन.ए. नमुन्याशी जुळला. सरकार पक्षाचा अंक वीस कोटींत एक. बचाव पक्षाच्या मते तो वीस लक्षांत एक इतका खाली येऊ शकत होता. याखेरीज आरोपीविरुद्ध म्हणण्यासारखे काहीच नव्हते. पीडित स्त्रीने हल्लेखोर विशीतला असल्याचे सांगितले होते. आरोपी सदतीस वर्षांचा होता. ओळखपरेडीत तिने त्याला ओळखले नाही, आणि पुढे न्यायालयातही तो हल्लेखोरासारखा दिसत नाही असेच सांगितले. त्या रात्री तो आपल्यापाशी होता, अशी त्याच्या मैत्रिणीची साक्ष होती. एका बाजूला अंक असलेला एकच पुरावा, दुसऱ्या बाजूला अंक नसलेले तीन, असा हा पेच. ट्राइबने वर्तविलेली अडचण जशीच्या तशी.

बचाव पक्षातर्फे साक्ष देणारे संख्याशास्त्रज्ञ पीटर डॉनली यांनी सुचविले की, अंक नसलेल्या पुराव्यालाही ज्यूरीने स्वतःच्या विवेकाने अंक द्यावेत आणि सर्वांची सांगड बेझच्या सूत्राने घालावी. फिलिप डेव्हिड या संख्याशास्त्रज्ञाने पुढे उदाहरणादाखल मांडलेला हिशोब असा. गावाच्या परिसरातील दीड लक्ष प्रौढ पुरुष व बाहेरून आलेल्याचा संभव लक्षात घेता प्रारंभीचे प्रमाण दोन लक्षांस एक. आरोपी खरा अपराधी असता पीडितेने त्याला न ओळखण्याचा संभव दहात एक आणि तो अपराधी नसता दहात नऊ मानले, तर प्रमाण नऊपटींनी खाली येते. मैत्रिणीच्या साक्षीमुळे ते आणखी निम्मे होते. म्हणजे डी.एन.ए. विचारात घेण्यापूर्वी छत्तीस लक्षांस एक. याला वीस कोटींनी गुणले, की दोषाच्या बाजूने पंचावन्नास एक, म्हणजे संभाव्यता सुमारे ९८ टक्के. अंक दोन कोटींचा घेतला तर ८५ टक्के. वीस लक्षांचा घेतला तर ३६ टक्के. वीस कोटी आणि वीस लक्ष हे दोन्ही अंक ऐकणाऱ्याच्या कानाला सारखेच प्रचंड वाटतात. पण इतर पुरावा तराजूत घातल्याबरोबर त्यांतील एक शिक्षेकडे नेतो आणि दुसरा सुटकेकडे. या विषयावरील वाङ्मयात अंकांच्या आकाराने दिपून जाण्याविरुद्ध इतके बोलके उदाहरण दुसरे नसावे.

ज्यूरीने ॲडम्सला दोषी ठरविले. एप्रिल १९९६ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण सूत्र वापरावयाचे नसल्यास पुराव्याचा विचार कसा करावा हे न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितले नव्हते. जाता जाता न्यायालयाने सूत्राच्या वापराविषयीही तीव्र नापसंती व्यक्त केली. फेरसुनावणीत दोन्ही बाजूंच्या संख्याशास्त्रज्ञांनी मिळून ज्यूरीसाठी प्रश्नावली तयार केली. प्रत्येक पुराव्यासमोर स्वतःचे अंक भरण्याची तीत सोय होती. ॲडम्स पुन्हा दोषी ठरला. ऑक्टोबर १९९७ मध्ये दुसरे अपील फेटाळताना न्यायालयाने निक्षून सांगितले की, असे सूत्र ज्यूरीला अनावश्यक गुंतागुंतीत लोटते. तिने आपला निर्णय सामान्य व्यवहारबुद्धीनेच करावा. न्यायालयाची भीती समजण्याजोगी आहे. पण व्यवहारबुद्धी ही डीन खटल्यातही होती, आणि तिनेच तीस लक्षांचा अंक उलटा वाचला होता. गुंतागुंत सूत्राने निर्माण केली नव्हती. ती प्रश्नातच होती.

जुलै १९९६ मध्ये डोहेनी खटल्याच्या निर्णयात अपील न्यायालयाने मधला मार्ग काढला, आणि तो व्यवहार्य होता. प्रमाण दहा लक्षांत एक असेल, तर तज्ज्ञाने एवढेच सांगावे की, संयुक्त राज्यात असे गुणधर्म असलेले सुमारे सव्वीस पुरुष असतील. आरोपी त्यांपैकी एक आहे. तो नेमका कोण, हे इतर पुराव्यावरून ज्यूरीने ठरवावे. अंकाऐवजी माणसे दाखविणे ही युक्ती साधी असली तरी परिणामकारक होती. 'दहा लक्षांत एक' ऐकताना आरोपी एकटा दिसतो. 'सव्वीस पुरुष' म्हटले की त्याच्याभोवती पंचवीस जण येऊन उभे राहतात.

गुणाकार लांबत गेला तशी ही युक्तीही अपुरी पडू लागली. इंग्लंडमध्ये १९९५ साली राष्ट्रीय डी.एन.ए. संग्रह सुरू झाला तेव्हा सहा स्थाने तपासली जात. १९९९ साली बोल्टन येथील घरफोडीचा नमुना संग्रहातील एका व्यक्तीशी सहाही स्थानी जुळला. प्रमाण तीन कोटी सत्तर लक्षांत एक. ही व्यक्ती दोनशे मैलांवर स्विंडन येथे राहणारी, कंपवाताने जर्जर झालेली, मदतीवाचून कपडेही घालू न शकणारी होती. दहा स्थानांची चाचणी केल्यावर ती निर्दोष ठरली. घडले ते गणिताच्या विरुद्ध नव्हते, गणितानुसारच होते. संग्रहात लक्षावधी नोंदी आणि त्यांच्याशी ताडून पाहावयाचे नमुने हजारोंनी. अशा कोट्यवधी तुलनांत एखादा योगायोग यावयाचाच. बेर्तियाँने सव्वीस स्थानांतून चार वेचली होती; येथे यंत्राने लक्षावधी माणसांतून एक वेचला. पूर्वीच्या खटल्यांत संशय आधी होता आणि चाचणी नंतर झाली. आता चाचणीनेच संशयित पुरविला.

त्यानंतर स्थाने वाढत गेली, आणि योगायोगाचे प्रमाण पृथ्वीच्या लोकसंख्येलाही ओलांडून अब्जांश, खर्वांश असे खाली गेले. परंतु अंक जितका लहान होतो तितका तो निरर्थकतेकडे झुकतो. कारण नमुन्यांची अदलाबदल होणे, नळी दूषित होणे, चिठ्ठी चुकीची लागणे यांचा संभव हजारांत एक असो की दहा हजारांत एक, तो त्या अतिसूक्ष्म अंकाहून कितीतरी मोठा असतो. खरी शृंखला तिच्या सर्वांत दुबळ्या दुव्याइतकीच मजबूत. आरोपीला भाऊ असल्यास हाच प्रकार : भावांचे गुणधर्म जुळण्याचे प्रमाण परक्यांच्या मानाने हजारो-लाखो पटींनी अधिक, आणि तो अंक स्वतंत्रपणे काढावा लागतो.

अनेकांचे डी.एन.ए. एकत्र मिसळलेले नमुने जेव्हा तपासणीस येऊ लागले तेव्हा 'लोकसंख्येत किती जण' हा प्रश्न विचारणेच अवघड झाले. त्याची जागा आज एका गुणोत्तराने घेतली आहे. आरोपीचा डी.एन.ए. मिश्रणात आहे असे धरल्यास हा पुरावा दिसण्याची संभाव्यता, आणि त्याच्याऐवजी कोणा अनोळखी व्यक्तीचा आहे असे धरल्यास तीच संभाव्यता, या दोहोंचे गुणोत्तर. युरोपातील न्यायसाहाय्यक प्रयोगशाळांच्या संघाने २०१५ साली सर्व प्रकारच्या तज्ज्ञ-अहवालांसाठी हीच मांडणी शिफारस केली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्याआधी २०१० साली, बुटांच्या ठशांच्या एका प्रकरणात, भक्कम आकडेवारी नसेल तेथे असे गुणोत्तर वापरण्यास आक्षेप घेतला होता, डी.एन.ए. मात्र त्या आक्षेपातून वगळला गेला. अशा अहवालातील वाक्य साधारणतः असे असते की, अमुक पक्ष खरा मानल्यास हा पुरावा दिसण्याची संभाव्यता तमुक पक्षापेक्षा इतक्या पटींनी अधिक आहे. दार्बू, आपेल आणि प्वांकारे यांनी बेर्तियाँला एवढ्यापुरतेच बोलण्याची मुभा ठेवली होती. ज्याला गुणावयाचे ते प्रारंभीचे प्रमाण कोणी व कशाच्या आधारे ठरवावे, हा ॲडम्स खटल्यात प्रश्नावलीच्या रूपाने मांडला गेलेला प्रश्न मात्र १९९७ च्या निर्णयानंतर इंग्लंडमध्ये ज्यूरीच्या बंद खोलीतच राहिला आहे.